पान क्रमांक बावन्न हजार

मुक्काम आष्टा
गुरुवार, दुपारचं जेवण उरकून

माजी नाईक, सध्या तीनशे मेंढरांचे आणि सात खिलार जनावरांचे धनी, म्हसवडजवळच्या माळाचे मानकरी श्री. हरिबा यांना आष्ट्याहून माजी सुभेदार लालासाहेब यांचा उभं राहून नमस्कार. आपली प्रकृती कशी आहे? आपला डावा गुडघा काय म्हणतो? सुलावहिनींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन पार पडल्याचं कळलं. आता त्यांना लांबचं नीट दिसतं का? (एवढं 'आपण' पुरे. तुझी मनुवहिनी शेजारी ज्वारी निवडत बसली आहे, तिनं सुरुवात तशी करायला लावली. रागावलेल्या माणसाला आधी मान द्यावा, मग मुद्द्याला हात घालावा, असं तिचं म्हणणं. मी म्हटलं, हरिबा रागावलेला नाही. ती ज्वारी पाखडत राहिली.) मेंढरं कशी आहेत? चारा पुरेल ना? आणि तुझ्या त्या कर्नल नावाच्या कुत्र्याचा स्वभाव निवळला का? गेल्या खेपेस त्यानं धरलेली पँट मी अजून रफू करून वापरतो.

इकडे आम्ही सर्व मजेत. तुझा फोन मात्र तीन आठवडे लागत नाही. माळावर रेंज नसते हे मी समजून आहे. तीच रेंज इस्लामपूरच्या उदयसिंहाला मिळते, जतकडच्या बिराप्पाला मिळते आणि दुधाच्या गाडीवाल्यालाही मिळते, एवढंच नवल वाटतं. म्हणून पत्र लिहायला बसलो. पत्राचं कारण विशेष काही नाही. आपल्या नावांच्या वहीचं सॉफ्टवेअर मी एक नंबरवरून दोन नंबरवर कसं यशस्वीपणे नेलं, ते कुठंतरी नीट लिहून राहावं, एवढाच हेतू. एकूण यंत्रं तेरा. नव्या व्हर्जनवर आलेली बारा. राहिलेलं एक. त्या एकाचं नाव मी घेत नाही, हे पत्र त्याच्याच मालकाच्या हातात आहे.

तुला सगळं ठाऊक असूनही पहिल्यापासून लिहितो, कारण आपण दोघं सिग्नलची माणसं, लॉगबुक अर्धवट ठेवायची आपल्याला सवय नाही. गेल्या साली खडीच्या माळावरच्या बैलगाडा शर्यतीत एकाच फेरीत तीन बैल 'वादळ' नावाचे निघाले. समालोचक लाऊडस्पीकरवरून 'वादळ पुढं, वादळ मागं, वादळ चाकोरीच्या बाहेर' असं सांगत राहिला. निकाल लागला तेव्हा तिन्ही मालक हार घालून घ्यायला पुढं झाले, आणि नंतरचा तासभर बैल बाजूला राहून माणसांचीच शर्यत झाली. त्याच दिवशी माझी सून संयोगिता (पुण्याच्या कंपनीचं काम आष्ट्यात बसून करते, हे तुला माहीतच आहे) म्हणाली, मामा, बैलांच्या नावांची वही ब्लॉकचेनवर ठेवू. वही एका कचेरीत नाही, तर तेरा गावांत, तेरा घरी, तेरा यंत्रांत, जशीच्या तशी. साधारण दर दहा मिनिटांनी तिला एक पान वाढतं. ते पान कुणाच्या यंत्रानं लिहायचं हे चिठ्ठी निघावी तसं ठरतं. प्रत्येक पानावर आधीच्या पानाची खूण असते, त्यामुळे कुणी मधलंच पान गुपचूप बदललं तर बाकीची यंत्रं ते घेतच नाहीत. नाव एकदा चढलं की त्याच्यासमोर मालक, गाव आणि बैलाच्या नाकाचा ठसा, आणि तेच नाव दुसऱ्याला मिळत नाही. वर्षाच्या आत (वर्षही वहीच्या पानांच्या हिशेबानंच मोजायचं) मालकानं आपल्या गुप्त किल्लीनं नाव नवं करायचं. न केलं तर ते सुटतं आणि ज्याला हवं तो घेतो, म्हणजे मेलेल्या बैलांची नावं अडकून पडत नाहीत. यात्रा कमिट्यांनीही ठरवून टाकलं, की शर्यतीची यादी ह्याच वहीतून वाचायची. तू पारावर बसून सगळं ऐकलंस आणि म्हणालास, "ह्यात पाटील कोन न्हाई, हे लय झाक हाय." मी तेव्हा हसलो होतो. पाटील नसलेल्या कामात माणसाला किती चहा प्यावा लागतो, हे मला अजून कळायचं होतं.

वर्षभर वही बरी चालली. पण जुन्या सॉफ्टवेअरमध्ये नाव बारा अक्षरांपुढे जात नव्हतं. उदयसिंहाला आपल्या बैलाचं नाव 'श्री सिद्धनाथ प्रसन्न वाळव्याचा वाघ' असंच हवं होतं. वहीत चढलं 'श्री सिद्धनाथ प्रसन्न वाळव्याचा', आणि समालोचकही प्रामाणिकपणे तेवढंच वाचून थांबायचा. मग सगळं मैदान विचारायचं, वाळव्याचा कोण? उदयसिंहानं हे वर्षभर सोसलं. म्हणून व्हर्जन दोन. संयोगितानं ते दोन महिने खपून तयार केलं आणि माझ्यापुढे तीन अटी ठेवल्या. पहिली, तेराही जणांना विचारायचं, सगळ्यांचा होकार आल्यावरच कितव्या पानापासून नवे नियम लागू ते ठरवायचं. कारण त्या पानापासून ज्याच्या यंत्रात नवं सॉफ्टवेअर नसेल ते यंत्र नवी पानं खोटी समजून नाकारणार आणि जुन्या नियमानं आपली वेगळी वही लिहीत बसणार, म्हणजे एका वहीच्या दोन वह्या. दुसरी अट, आधी एका यंत्रावर पंधरा दिवस चालवून बघायचं. तिसरी, नवे नियम नव्या नावांनाच लावायचे, जुन्या नावांना धक्का लावायचा नाही. मी तिन्ही अटी शांतपणे ऐकल्या आणि तिन्ही फेटाळल्या. हरिबा, अठ्ठावीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाला तेरा यंत्रांची बदली जमणार नाही का? उलट मी माझं एक कलम वाढवलं. नाव वर्षानं नव्हे, सहा महिन्यांनी नवं करायचं, आणि जुन्या-नव्या सर्व बैलांना नियम एकच. फौजेत माणसाची हजेरी रोज होते, बैलाची सहा महिन्यांनी झाली तर काय बिघडलं? संयोगिता म्हणाली, "मामा, हे तुम्ही मला लिहून द्या." मी लिहून दिलं, सही केली, खाली हुद्दा घातला. तो कागद तिनं फ्रिजच्या दारावर लावून ठेवला. दूध काढायला गेलं की दिसतो.

मग मी हुकूम काढला. आपल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर, मोजक्या शब्दांत: सर्व तेरा स्टेशनांनी व्हर्जन दोन बसवावे, पान क्रमांक लवकरच कळवला जाईल, कसूर होता कामा नये, आऊट. मसुदा सुबक होता, हे तूही मान्य करशील. आठ दिवस झाले, एकाही यंत्रावर काही बसलं नाही. ग्रुपवर एक अंगठा आला, तोही चुकून लागला होता असं त्या गृहस्थांनी नंतर कळवलं. नवव्या दिवशी मी उदयसिंहाला फोन केला. ज्याच्या वाघासाठी ही सगळी यातायात, तोच म्हणाला, की आमच्याकडं कार्याचं आवतण मोबाईलवर येत न्हाई. मी फोन ठेवून मनुवहिनीकडे बघितलं. ती म्हणाली, बरोबरच आहे त्यांचं, हे कार्यच आहे, सुपारी-अक्षता घेऊन घरी जायला नको? मी म्हटलं हे सॉफ्टवेअर आहे. ती म्हणाली, असेना का, माणसं तीच आहेत ना.

तर मी निघालो. मोटारसायकलच्या डिकीत नारळ, सुपाऱ्या, हळद लावलेल्या अक्षता आणि रुमालात गुंडाळलेले पेन ड्राइव्ह. दहा घरं आणि सात दिवस. (अकरावं यंत्र माझं स्वतःचं, तिथं मीच मला सुपारी दिली. बारावं संयोगितानं आमच्या कारखान्याच्या वसाहतीतल्या ऑफिसात ठेवलं आहे.) प्रत्येक घरी आधी चहा, मग पाहुणचार, मग कोण कुणाच्या लग्नाला आलं नव्हतं त्याची उजळणी, आणि मग पेन ड्राइव्ह. बिराप्पानं सांगितलं, आधी आमच्या थोरल्याला सुपारी द्या. थोरल्याकडे यंत्र नाही, बैल नाही, आणि ते दोघं आठ वर्षं एकमेकांशी बोलत नाहीत. पण मान थोरल्याचा. मी थोरल्याला सुपारी दिली. त्यानं ती घेतली आणि म्हणाला, धाकट्याला विचारून सांगतो. हरणाबाईंनी तर यंत्राची पूजाच मांडली. मी नको नको म्हणेपर्यंत त्यांनी हळदीकुंकू वाहिलं. पंख्यानं कुंकू आत ओढलं आणि पुढचे दोन दिवस ते यंत्र गरम झालं की समोरच्या भिंतीवर लाल फवारा मारत होतं. (हरणाबाईंचं यंत्र पंख्याच्या दुरुस्तीमुळे तात्पुरतं आपल्या वहीत नाही. वर बारा लिहिलं आहे ते अकरा वाचावं.) पण शेवटी सगळ्यांनी होकार दिला. शिस्त, हरिबा. शिस्तीनं काय होत नाही? सुपारीचं एकही घर मी वगळलं नाही.

म्हणजे एक वगळलं. मनुवहिनीनं तेव्हाच विचारलं होतं, हरिबाभावजींकडे कधी जाणार? मी म्हटलं, घरच्या माणसाला कोण आमंत्रण देतं? लग्नात आपण सख्ख्या भावाच्या हातावर पत्रिका ठेवतो का? त्यानं तर मांडव घालायचा असतो. माझा विचार शुद्ध होता. (ऊन होतं, रस्ता लांबचा होता आणि मोटारसायकलचा क्लच कुरकुरत होता, ह्या गोष्टीही होत्या. त्या मी लपवत नाही.) तुझा पेन ड्राइव्ह मी म्हसवडच्या एस.टी.च्या कंडक्टरकडे दिला, बरोबर चिठ्ठी, 'बसवून घेणे'. पुढं काय झालं ते मला सुलावहिनींनी मनुवहिनीला सांगितल्यावर कळलं. तू पेन ड्राइव्ह गोठ्यातल्या खिळ्याला टांगून ठेवलास आणि म्हणालास, "त्यानं आऊट म्हनलंय. आता बोलायचं काय ऱ्हायलंय?"

हरिबा, ती ग्रुपवरची ओळ मी तुला उद्देशून लिहिली नव्हती. सगळ्यांसाठी एकच हुकूम होता. वायरलेसवर 'ओव्हर' म्हणजे माझं झालं, आता तू बोल. 'आऊट' म्हणजे संपलं, उत्तराची गरज नाही. हे बाकीच्या अकरांना कुठलं ठाऊक? त्यांना वाटलं असेल, मी कुणाला तरी बाद केलं. कळलं फक्त तुला. आणि सेटवर बसलो की माझी जीभ आपोआप 'आऊट'कडेच जाते म्हणून पहिल्या पोस्टिंगला ज्यानं मला तीन महिने झापलं, तोही तूच. तेव्हा जुनी खोड समजून सोडून द्यायला हवं होतंस. तू काही सोडलं नाहीस. तुझं यंत्र सोलरवर चालतं, त्याला वीज जायची भीती नाही. ते जुन्या व्हर्जनवर तसंच चालू राहिलं.

आता मुहूर्ताचं सांगतो, कारण तू ते हुकलास. भटजींनी तीन आठवड्यांमागच्या गुरुवारचा, सकाळी अकरा वाजून सात मिनिटांचा मुहूर्त काढून दिला होता. एका पानाला दहा मिनिटं, दिवसाला एकशे चव्वेचाळीस पानं, ह्या हिशेबानं मी मागे मोजत गेलो आणि बरोबर त्या क्षणाला येणारं पान मुक्रर केलं, बावन्न हजार. देवळाच्या सभामंडपात पडदा लावला, आकडा मोठा दिसेल असा. पेढे आणले. तेरा खुर्च्या मांडल्या. तुझ्या खुर्चीवर टॉवेल आणि टोपी ठेवली, आहेर म्हणून. अकरा वाजून सात मिनिटांनी ताशा वाजला, अक्षता पडल्या, आणि पडद्यावर आकडा होता एक्कावन्न हजार नऊशे तेरा. लोकांनी परत अक्षता टाकल्या. आकडा तोच. कारण काय, तर अर्धी यंत्रं विहिरीवरच्या मोटारीच्या खोल्यांत, तिथं त्या आठवड्यात दिवसाची वीज नव्हती. शिवाय चौघांनी, मुहूर्ताआधी कशाला वापरायचं म्हणून, यंत्रं दोन दिवस बंद करून नवऱ्यामुलासारखी झाकून ठेवली होती. यंत्रं कमी तर पानं सावकाश. संयोगिता माझ्या कानात म्हणाली, पानं यंत्रं लिहितात मामा, पंचांग नाही. दुपारी दोनपर्यंत मंडळी थांबली, पेढे संपले, मंडप रिकामा झाला. बावन्न हजारावं पान आलं दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चारला. मी तेव्हा न्हाव्याकडे गालाला साबण लावून बसलो होतो. घरी फक्त मनुवहिनी होती. मी आल्यावर म्हणाली, मघाशी आकडा बदलला, चहा ठेवू का? असा आपला ऐतिहासिक बदल झाला. (इथं खरेपणासाठी नोंदवतो, की उदयसिंह, बिराप्पा आणि पलूसकडचे तिघं ह्यांनी त्यानंतर, अगदी गेल्या रविवारी, घरगुती अडचणींमुळे जुनं व्हर्जन परत बसवलं आहे. अकरातून पाच गेले, सहा राहिले. सहा म्हणजे तुझ्या एकाच्या सहापट.)

घरगुती अडचण अशी. माझं सहा महिन्यांचं कलम त्या पानाबरोबर लागू झालं, आणि गेल्या सालच्या यात्रेत चढलेली सगळी नावं, एकूण एक्केचाळीस, एका क्षणात जुनी ठरून सुटली. संध्याकाळी चारला एक्केचाळीस बैल बिननावाचे झाले. बैलांना त्याचं काही नव्हतं, ते वैरण खात होते. पण माझा फोन सव्वाचारला वाजायला लागला तो परवापर्यंत वाजत होता. उदयसिंहाच्या वाघाला लांब नाव मिळण्याऐवजी होतं तेही गेलं. आणि वीरधवल, तो कासेगावच्या वाटेवरचा, त्यानं दुसऱ्या पानाच्या आत हाताला लागतील ती नावं उचलली. नियमानंच उचलली, मी त्याला काही म्हणू शकत नाही, नियम माझाच होता. त्यातलं एक नाव त्यानं आपल्या रेड्याला दिलं. ते नाव 'लान्सनायक'.

इथं मी जरा थांबून पाणी प्यायलो.

तुला आठवतं, मी निवृत्त होऊन आलो त्या आठवड्यात तू टेम्पोत ते खोंड घेऊन आलास. मी विचारलं ह्याचं नाव काय, तर तू म्हणालास लान्सनायक. मी म्हटलं, सुभेदाराच्या दारात लान्सनायक? जिंकला तर बढती देऊ. चार वर्षं झाली, तो तीनदा फायनलला गेला, मी बढती दिली नाही. का दिली नाही हे मला तेव्हा सांगता आलं नव्हतं. बर्फातल्या त्या पोस्टवर आपण दोघंही लान्सनायक होतो. एक सेट, एक बॅटरी, दोघांत एक स्टोव्ह. पुढं मी वर चढत गेलो, आणि तू वडिलांच्या मेंढरांसाठी नाईकावरच पेन्शन घेऊन घरी आलास. त्या हुद्द्यापर्यंत आपल्यातल्या कुणीच कुणाला सॅल्यूट केला नव्हता. म्हणून तू ते नाव दिलंस, असं मला वाटतं. तू कधी सांगितलं नाहीस, मी कधी विचारलं नाही. आणि आता ते नाव एका रेड्याला आहे, आणि रविवारी खडीच्या माळावर शर्यत आहे, आणि यादीत आपला बैल 'क्रमांक सतरा' म्हणून वाचला जाईल. मला ह्याचं वाईट वाटतं. फार वाईट वाटतं.

असो. कार्यात असं थोडंफार होतंच. एकंदरीत मोहीम फत्ते आहे. नवं व्हर्जन उत्तम चालतं, नावं कितीही लांब चढतात, फक्त चढवायला कुणी येत नाही. यात्रा कमिटीनं मला विचारलं, दोन वह्यांतली खरी कुठली? मी बाणेदारपणे सांगितलं, जास्त यंत्रं जिकडं ती. (हे मी सोमवारी सांगितलं. मंगळवारी आणखी चौघं तुझ्या वहीत गेले. सहातून चार गेले.) तरीही आमच्या बाजूला दोन यंत्रं खंबीरपणे उभी आहेत. तू एकटा पडला होतास, म्हणून मला काळजी वाटत होती, ती आता मिटली आहे.

सुलावहिनींना नमस्कार. मेंढरांना लस वेळेवर टोच. गुडघ्याला तेल चोळत जा.

तुझाच,
लालासाहेब
(माजी सुभेदार, सिग्नल्स)

ता. क. १. (गुरुवार, संध्याकाळ) संयोगितानं पत्र वाचलं. तिचं म्हणणं, दोन यंत्रं हा आकडाही बरोबर नाही. वसाहतीतलं यंत्र तिनं परवाच तुझ्या वहीला जोडलं आहे. हरणाबाईंचंही दुरुस्त होऊन तिकडेच लागलं. म्हणजे तुझ्याकडे बारा आणि नव्या वहीत एक. ते माझं. आता ते एकटंच आपली पानं लिहितं आणि आपणच वाचतं. मनुवहिनी म्हणते, हे यंत्र थेट घरधन्यावर गेलं आहे.

ता. क. २. (शुक्रवार सकाळ, विटा, एस.टी. स्टँडसमोरचं हॉटेल. मागचं चाक पंक्चर, पोऱ्या नाही, मालकच काढतो आहे, वेळ आहे.) आता खरं काम लिहितो. तुझ्या वहीत जुना नियम आहे, म्हणून तिच्यात एक्केचाळीसही नावं जागच्या जागी आहेत. तू जवळजवळ तीन आठवडे एकट्यानं लिहीत होतास, त्यामुळे पानं दोन-दोन तासांनी पडत होती, आणि तुझ्या त्या सावकाश रुसव्यामुळेच 'लान्सनायक'चं पानांवर मोजलेलं वर्ष अजून भरलेलं नाही. पण आता बारा यंत्रं तुझ्याकडे आली, पानं धावायला लागली. संयोगिताच्या हिशेबानं ते वर्ष आज संध्याकाळी सहाच्या सुमाराला भरतं. त्याआधी मी माझ्या किल्लीनं नाव नवं केलं तर ते राहतं, नाहीतर तिथूनही सुटतं, आणि वीरधवल टपलेला आहे. मी काल माझ्या यंत्रात मुकाट्यानं जुनं व्हर्जन बसवलं. पण तुझं यंत्र माझ्या यंत्राशी बोलत नाही. संयोगिता म्हणते, त्यात वैयक्तिक काही नसतं. एखाद्या यंत्रानं सतत खोटी वाटणारी पानं पाठवली की दुसरं यंत्र आपणहून त्याला दार लावतं, मग मालकानंच ते उघडावं लागतं. ती म्हणते तर तसं असेल. पण मी तुला तीस वर्षं ओळखतो. बाकीच्या अकरांचीही दारं माझ्या यंत्राला बंद आहेत. उदयसिंहाला उघड म्हटलं तर म्हणाला, "हरिबाला इचारा. त्यानं उघडलं की आमी उघडतू." बाकीच्यांचंही तेच. संयोगितालाही म्हटलं, तुझ्या यंत्राचं तरी उघड. ती म्हणाली, "हरिबाकाकांना तुम्ही स्वतः भेटल्याशिवाय मी हात लावणार नाही." फ्रिजवरचा कागद तिनं माझ्या खिशात घातला आहे. तो सोबत जोडतो. सही माझीच आहे.

ता. क. ३. (शुक्रवार, दुपारी तीन, तुझ्या फाटकाबाहेर, डिकीवर कागद ठेवून.) पत्र पोस्टानं येणार नाही, हे तुझ्या लक्षात आलंच असेल. सुलावहिनींच्या हाती फाटकावरून आत देतो आहे. त्यांचं ऑपरेशन छान झालं आहे. त्यांनी मला पार वळणावरच ओळखलं आणि आत जाऊन तुला सांगितलं. तू उठला नाहीस, तेही मला इथून दिसतं. कर्नल मोकळा आहे आणि माझ्या त्याच पँटकडे बघतो आहे. माझ्या एका हातात नारळ आहे, दुसऱ्यात सुपारी, खिशात अक्षता. व्हर्जन दोन बसव म्हणायला आलेलो नाही. नाव वाचव म्हणायला आलो आहे, ते खरं, पण ते नंतर. आधी जे महिन्यापूर्वी विचारायला हवं होतं ते विचारतो. आपल्या वहीचे नियम बदलायचे का, बदलायचे तर कोणते, आणि कितव्या पानापासून? तुझं म्हणणं काय आहे? चुकलं माझं, हरिबा. तू सांग, मी इथं उभा राहून ऐकतो. ओव्हर.